मान उचलून दाखवा : परिचर्येच्या अध्यापनाची प्रस्तावना

या विषयाकडे वळणारी वाचक मला बरीच ओळखीची आहे. माहेर किंवा सासर पातूर, बाळापूर, बार्शीटाकळी यांपैकी एखाद्या तालुक्यात. जीएनएम नाहीतर बी.एस्सी. नर्सिंग झालेले. मग आयसीयू, नवजात बालकांचा कक्ष, लेबर रूम किंवा डायलिसिस यांपैकी एका ठिकाणी आठ-दहा वर्षे गेलेली. इतकी, की नवा इंटर्न अडला तर पुस्तकाआधी तिच्या तोंडाकडे पाहतो. आणि आता कुणीतरी सुचवलेले असते, "सिस्टर, एम.एस्सी. करून टाका. कॉलेजात लागाल, नाइट तरी सुटेल." वाचक ब्रदरही असू शकतो, अलीकडे असतोच. सोयीसाठी मी 'ती' म्हणते आहे.

नाइट सुटेल, हे कारण मी हलके मानत नाही. रात्रभर वॉर्ड सांभाळून सकाळी ओव्हर द्यायची, अकोल्याहून तीसेक किलोमीटर एसटीने पातूर गाठायचे, स्वयंपाक उरकायचा, डोळा लागतो न लागतो तोच दारावर कुणीतरी. ज्यांनी हे केलेले नाही त्यांनी या कारणाला हसू नये. पण या कारणावर वर्ष-दीड वर्ष निघते, त्यापुढे नाही. कॉलेजातही ओझे असतेच, ते फक्त दिवसाउजेडी असते. म्हणून इथे मला दुसरे एक कारण मांडायचे आहे. वऱ्हाडातल्या वॉर्डांत कितीतरी ज्ञान परिचारिकांच्या हातात आहे आणि ते पाठ्यपुस्तकांत धड उतरलेले नाही. ज्यांच्या हातात ते आहे त्यांनीच वर्गात आल्याशिवाय ते उतरणारही नाही. हाताला जे कळते ते एकोणीस वर्षांच्या मुलीला शिकवायचे कसे, आणि तिला ते आले की नाही हे ओळखायचे कसे, या दोन प्रश्नांपाशी परिचर्येचे अध्यापन हा स्वतंत्र अभ्यासविषय सुरू होतो.

एक उदाहरण जरा निवांत पाहू. कापूस, सोयाबीन, तूर ही इथली पिके, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हा फवारणीचा हंगाम. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. वऱ्हाडातल्या आयसीयूंना तो प्रकार नवा नव्हता. फवारणीतून झालेली असो की मुद्दाम घेतलेली, ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाची विषबाधा इथली परिचारिका दर हंगामात पाहते. रुग्ण घामाने चिंब असतो, तोंडातून लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि छातीत पाणी भरल्यासारखी घरघर. उपचाराचा कणा म्हणजे अ‍ॅट्रोपीन. ते दर काही मिनिटांनी वाढवत न्यायचे. छाती कोरडी होईपर्यंत, नाडी आणि रक्तदाब सावरेपर्यंत. डोस डॉक्टर लिहितात. पण पुढचे तास खाटेजवळ उभी राहून तो डोस लागू पडतोय, कमी पडतोय की जास्त झालाय, हे पाहणारी असते ती परिचारिका.

ती काय पाहते? काखेत हात घालून घाम थांबला का ते पाहते. सक्शनला किती स्राव येतो आणि तो पातळ आहे की घट्ट, हे पाहते. स्टेथोस्कोप पाठीच्या खालच्या भागावर लावते, कारण वरची छाती मोकळी वाटली तरी तळाशी खरखर उरलेली असते. मग रुग्ण अंगावरची चादर चिमटीत धरून ओढायला लागला, बडबडायला लागला, अंग तापले, पोट फुगून आतड्यांचा आवाज बंद झाला, लघवी तुंबली, की तिच्या लक्षात येते की अ‍ॅट्रोपीन जास्त झाले. हे सगळे पुस्तकात आहे, चार ओळींत. चार ओळी पाठ असलेली मुलगी आणि काखेत हात घालणारी मुलगी यांच्यामधले अंतर मात्र पुस्तकात नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. रुग्ण शुद्धीवर आलेला असतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि कुणीतरी नातेवाईक सहज म्हणतो, "सिस्टर, बाबा डोये मिटून मिटून घेऊन राह्यले. पाणीबी नीट गियता नाही येत त्यांले." अनुभवी परिचारिका हातातले काम टाकून येते आणि रुग्णाला सांगते, "बाबा, उशीवरून मान उचलून दाखवा." मान उचलली नाही, की ती व्हेंटिलेटर कुठे मोकळा आहे याची चौकशी सुरू करते. विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांत मानेचे, पापण्यांचे, गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. मान हे त्यातले सोपे, लवकर कळणारे चिन्ह. या अवस्थेला इंटरमीजिएट सिंड्रोम हे नाव १९८७ मध्ये मिळाले. सेनानायके आणि करालीडे या श्रीलंकेतल्या दोन डॉक्टरांनी आपल्याकडच्या दहा रुग्णांची निरीक्षणे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापली, तेव्हा. शेतीवर जगणाऱ्या मुलखातल्या इस्पितळात दिसलेली गोष्ट जगाच्या पुस्तकात गेली, कारण पाहणाऱ्यांनी ती नीट मोजली, लिहिली आणि पाठवली. आपल्या वॉर्डांतल्या सिस्टर अशा गोष्टी ओव्हर देताना एकमेकींना सांगतात, आणि सगळे तिथेच राहते.

हाताला कळणाऱ्या या ज्ञानाचा अभ्यास करणाऱ्यांत पॅट्रिशिया बेनर हे नाव पहिल्यांदा घ्यावे लागते. १९८४ साली आलेल्या त्यांच्या 'फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट' या पुस्तकात नवशिकी ते निष्णात अशा पाच अवस्था मांडल्या आहेत. ही मांडणी ड्रायफस बंधूंकडून घेतलेली आहे. बेनर यांनी ती परिचारिकांच्या मुलाखतींवर पारखली. नवशिकी नियम धरून चालते. निष्णात परिचारिका अख्खे चित्र एकदम पाहते आणि कशावरून, असे विचारले तर तिला सांगता येत नाही. आपल्याकडची "पेशंट बरोबर वाटत नाहीये" म्हणणारी सीनियर सिस्टर ती हीच. मात्र या मांडणीवर आक्षेपही आले आहेत आणि ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. निष्णाताचे अंतर्ज्ञान आणि जुनी सवय यांत फरक कसा करायचा, हा त्यातला मुख्य. वर दिलेल्या उदाहरणातच पाहा: बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणजे अ‍ॅट्रोपीन पुरले, असा समज अनेक वॉर्डांत वर्षानुवर्षे चालत आला. पण खरा निकष छाती कोरडी होण्याचा आहे. बाहुल्या मागाहून बदलू शकतात, आणि फवारा डोळ्यांत गेला असेल तर बाकी सगळे सुधारूनही त्या बारीकच राहू शकतात. म्हणजे तो समजही अनुभवातूनच आलेला आणि मानेची परीक्षाही अनुभवातूनच आलेली. त्यातले कोणते शिकवायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे ठरवायला वॉर्डातली वर्षे पुरत नाहीत. विद्यापीठ लागते ते त्यासाठी.

इतिहासात फार रमायचे कारण नाही, पण दोन-चार तारखा माहीत असाव्यात. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा निघाली, आणि पुढे बराच काळ परिचर्येचे शिक्षण रुग्णालयाच्या आवारातच राहिले: शिकणारी मुलगी हीच कामाला हक्काची. विद्यापीठात या विषयाची पहिली प्राध्यापक म्हणून न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात अ‍ॅडलेड नटिंग यांची नेमणूक झाली ती १९०७ मध्ये. आपल्याकडे दिल्ली आणि वेल्लोर इथे बी.एस्सी.चे शिक्षण १९४६ मध्ये सुरू झाले, भोर समितीचा अहवाल आला त्याच वर्षी. दिल्लीत १९५९ मध्ये एम.एस्सी. आली. महाराष्ट्रात मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ चे. त्याच्या कितीतरी आधी, १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी मुली, त्यांत विधवाही, नर्सिंगसाठी ससूनमध्ये पाठवायला सुरुवात केली होती. लोकापवाद सोसून गेलेल्या त्या मुली खाटेशेजारी काय शिकल्या, हे त्यांच्या शब्दांत आपल्या अभ्यासक्रमात नाही. बाई काशीबाई गणपत यांचे नाव १८९१ या सालासह पाठ्यपुस्तकांत एका ओळीत येते. विद्यार्थिनी ती ओळ एका मार्कासाठी पाठ करतात.

आता कागदावरचा रस्ता. जीएनएम झालेल्या परिचारिकेला आधी दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावे लागते, चार वर्षांची बी.एस्सी. झालेलीला ते लागत नाही. मग किमान एक वर्षाचा अनुभव धरून दोन वर्षांची एम.एस्सी. तिच्यात पाच विशेष शाखा आहेत: वैद्यकीय-शस्त्रक्रिया, बालरोग, प्रसूती-स्त्रीरोग, मनोविकार आणि समुदाय आरोग्य. राज्यात पदवीच्या परीक्षा १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, तर पदविका शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे. सावंगी मेघेसारखी अभिमत विद्यापीठे वेगळी. शिकवण्याच्या नोकरीत ट्यूटर, सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक, प्राचार्य अशी चढण. सरकारी प्रशिक्षण केंद्रांतली जुनी पदनावे निराळी, तिथे तुम्ही पाठ्यनिर्देशिका व्हाल. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, त्यामुळे पात्रतेचे निकष अर्ज भरायच्या आठवड्यात पुन्हा वाचून घ्यावेत. मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नये.

या रस्त्यात एक मोठी मेख आहे. वरच्या पदांसाठी मोजली जातात ती प्रामुख्याने शिकवण्याची वर्षे. आयसीयूतली दहावी रात्रपाळी आणि हजारावी रात्रपाळी यांचे त्या हिशेबात वजन जवळजवळ सारखेच. परिणाम असा, की हुशार मुलगी एक वर्ष कसेबसे वॉर्डात काढते, लगेच एम.एस्सी. करते आणि पंचविशीत ट्यूटर होऊन मुलींना ती प्रक्रिया शिकवते जी तिने स्वतः मोजक्या वेळा केलेली असते. तिला दोष देण्यात अर्थ नाही, नियमच तिला तसे करायला सांगतो. उलट, दहा वर्षे खाटेशेजारी घालवून येणारी बाई पस्तिशीत सगळ्यांच्या मागून रांगेत उभी राहते, आणि खासगी कॉलेजात लागली तर सरकारी अधिपरिचारिकेपेक्षा कमी पगारावर. हे माझ्या मते या क्षेत्राचे सर्वांत मोठे दुखणे आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने शिकवणे आणि रुग्णसेवा एकाच विभागाखाली ठेवली आहे. शिकवणाऱ्या व्यक्तीला वॉर्डाचीही जबाबदारी असते. आपल्याकडे अधिपरिचारिका एका संवर्गात, पाठ्यनिर्देशिका दुसऱ्या. एकदा वर्गात गेलेली बाई वॉर्डात येते ती विद्यार्थिनींच्या मागे फिरायला, आणि वॉर्ड सिस्टरला ती पाहुणी वाटते. पाहुणीच्या हातात कुणी किल्ल्या देत नाही.

वर्गातले पहिले वर्ष कठीण जाते, आणि गंमत म्हणजे कामात जी जास्त वाकबगार तिला जास्त कठीण जाते. सक्शन कसे करायचे ते ती दोन मिनिटांत दाखवते आणि मुलींना काहीच कळत नाही, कारण तिने काय काय केले हे तिचे तिलाच ठाऊक नसते. नळी आत घालण्याआधी तिने ऑक्सिजन वाढवला, मॉनिटरवर नजर टाकली, रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलली, नळी आत जाताना सक्शन बंद ठेवले, पंधरा सेकंदांच्या आत बाहेर काढले. यातले बोलून दाखवले ते एकच. म्हणून अध्यापनाच्या अभ्यासात पहिला धडा असतो कामाचे तुकडे पाडण्याचा. आपलीच कृती सहकारणीला पाहायला लावायची, तिने दिसेल ते सगळे लिहायचे, मग त्यातला कोणता तुकडा जिवावर बेतणारा आणि कोणता नुसता रिवाज, हे वेगळे करायचे. मग प्रात्यक्षिक, मग रिटर्न डेमो, मग ओएससीई परीक्षेतली पाच मिनिटांची स्टेशने. २०२१ च्या नव्या बी.एस्सी. अभ्यासक्रमाने सत्रपद्धत आणली आणि स्किल लॅबला, सिम्युलेशनला मोठी जागा दिली. मॅनिकिनवर सुई टोचायला शिकता येते, सलग टोचायला तर नक्कीच. पण मॅनिकिन मान उचलू शकत नाही आणि "डोये मिटून घेऊन राह्यले" असेही म्हणत नाही. त्या स्टेशनवर वर्गातल्याच एका मुलीला झोपवा, दुसरीला नातेवाईक करा आणि तिला तिच्या गावच्या बोलीत बोलू द्या.

बोलीबद्दल जरा सविस्तर बोलले पाहिजे. आपल्या विद्यार्थिनी बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळांतून येतात. पदवीची पुस्तके आणि उत्तरपत्रिका इंग्रजीत, ओव्हर मराठी-इंग्रजी मिसळून, रुग्ण वऱ्हाडीत. पातूरकडची मुलगी या तिन्हींतून दिवसभर ये-जा करते आणि शिक्षिका फक्त पहिलीचे मार्क देते. "लेकरू अंगावर पेत नाही" हे आईचे वाक्य नवजात कक्षात धोक्याची घंटा आहे, हे तिला समजते. पण केअर प्लॅनमध्ये ती जे इंग्रजी वाक्य उतरवते ते पुस्तकातले असते, त्या आईच्या बाळाबद्दलचे नसते. माझा आग्रह असा, की केस बुकात पहिला रकाना नातेवाइकांच्या शब्दांचा, जसेच्या तसे, असावा. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला डंबा देतात, तापलेल्या विळ्याने पोटावर चटके. हा विषय वर्गात निघाला की मुली नाक मुरडतात, आणि त्याच वर्गात मागच्या बाकावर एखादी कोरकू मुलगी खाली मान घालून बसलेली असते. समुदाय आरोग्य शिकवणाऱ्या बाईचे कसब इथे लागते. चटके का देतात, घरच्यांना तेव्हा काय वाटत असते, आरोग्य केंद्र किती लांब असते, आणि चटका दिलेले बाळ दारात आले तर पहिल्या पाच मिनिटांत आईशी काय बोलायचे. अपमान केला तर ती आई पुढच्या बाळाला घेऊन येणार नाही.

संशोधनाकडे येऊ. एम.एस्सी.चा प्रबंध बहुतेकींना जाच वाटतो आणि त्याला विषयही तसेच मिळतात: अमुक माहितीपुस्तिकेचा तमुक विद्यार्थ्यांच्या ज्ञानावर झालेला परिणाम. आधी चाचणी, मग पुस्तिका, मग चाचणी, मार्क वाढतात, प्रबंध मंजूर. पुस्तिका वाचल्यावर मार्क वाढणारच. न वाढते तर नवल. दहा वर्षे आयसीयूत काढून आलेल्या बाईने या वाटेला जाऊ नये. तिच्याजवळ प्रश्न आहेत. कीटकनाशकाच्या रुग्णांत परिचारिकेने दर चार तासांनी मानेची ताकद नोंदवली, तर श्वास थांबण्याआधी किती तास सूचना मिळते? मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना, कूलर धड चालत नसलेल्या वॉर्डात आई बाळाला कांगारू पद्धतीने छातीशी किती तास धरू शकते, आणि तेव्हा बाळाचे तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंशांत राहते का? पोटाला हाताची मागची बाजू लावून आणि मग तळपायाला लावून थंडी ओळखण्याची जी पद्धत आपण शिकवतो, ती तेवढ्या उकाड्यात तशीच लागू पडते का? थंड मुलखातल्या प्राध्यापकांना हे प्रश्न सुचायचे नाहीत. आणि एक चुटपुट: १९६९ पासून अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या प्रयोगशाळेत त्याच औषधाची मात्रा किडीवर मोजतात, जिचा परिणाम आमची सिस्टर माणसावर मोजत बसलेली असते. दोघांनी एका टेबलाशी बसायला कुठल्या शासन निर्णयाची गरज नाही.

पुढे पीएच.डी. करायची असेल तर आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, भारतीय परिचर्या परिषदेने बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या साथीने उभे केलेले राष्ट्रीय कन्सोर्शियमही आहे. पण ती घाई नको. आधी वॉर्डात असतानाच एक साधी वही सुरू करा. त्यात रुग्णाचे नाव, गाव, केसपेपरचा नंबर लिहू नका. काय पाहिले, कशावरून वाटले, पुढे काय झाले, एवढेच लिहा. वाटले ते चुकले असेल तर तेही लिहा, शिकवताना तीच पाने जास्त कामाला येतात. अशा वहीतून निघालेला विषय घेऊन मार्गदर्शकाकडे जा. ते म्हणतील, नमुना छोटा पडेल, परवानगी मिळणार नाही, मागच्या वर्षीचा पुस्तिकेचा विषय घ्या. नम्रपणे बसून राहा. मात्र एक अडचण खरी आहे: रुग्णांवरच्या अभ्यासाला रुग्णालयाच्या आणि कॉलेजच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते, बैठका रोज होत नाहीत, आणि फवारणीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. त्यामुळे तो अर्ज एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत टाका, म्हणजे पुढच्या ऑगस्टला नोंदी सुरू करता येतील.